बाळंतखोलीसाठी ओतलेल्या बाटल्या

४ मार्च, मंगळवार

पेन उघडलं आणि पहिला डाग पडला तो सूनबाईच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर. इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता बिचारीने. डाग आत जाईल अशी घडी घालून मी तो परत ठेवला आहे. नव्या वहीत पहिली गोष्ट हीच लिहावी लागली, आता काय करणार!

वही नातीने दिली. डॉक्टरीणबाईंनी तिला रोजचा रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलाय, तर बाईसाहेब दोन वह्या घेऊन आल्या. म्हणते, "आजी, दिवसभर माझ्या कानाशी बोलतेस ना, ते यात लिही. तेवढीच मला दुपारची झोप." आगाऊ कुठली! पण वही छान आहे, कागद गुळगुळीत. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत जायच्या वेळी धाकटी बहीण जन्माला आली आणि तिला घ्यायला घरात माझीच कंबर रिकामी होती. त्यामुळे जोडाक्षर आलं की मी जरा थांबते, श्वास घेते आणि उडी मारते.

नातीला सातवा महिना आहे. म्हणजे मी पणजी होणार! आज जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं. दूधवाल्याला दोनदा.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी. मुलगा शहरातली बस चालवतो. सूनबाई कोपऱ्यावरच्या सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. आतल्या खोलीत नात आणि तिचा नवरा. नातजावई लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर मुलगा रोज तोच विनोद करतो आणि नातजावई रोज हसतो. गुणाचा आहे.

नातीला घरात 'पुलावरची' म्हणतात, कारण ती पुलावरच झाली. केंद्रातल्या बाळंतपणाच्या खोलीला तेव्हा नुकतंच कुलूप लागलं होतं, पैसे नाहीत म्हणून. मोठं रुग्णालय नदीपलीकडे. भाड्याच्या गाडीत मागे मी आणि सूनबाई, पुढे मुलगा, आणि पुलावर ही गर्दी! मध्यावर पोचलो आणि ही बया बाहेर. मी माझ्या हातांनी घेतली. ड्रायव्हरने भाडं घेतलं नाही, सीट मात्र धुवून मागितली. आता सांगताना आम्ही हसतो. तेव्हा सूनबाईचं रक्त थांबत नव्हतं आणि तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होत नव्हता.

ते कुलूप अजून आहे. आणि पुलावरचीचा रक्तदाब वर चाललाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला कळा सुरू झाल्या की लांब नेण्यात वेळ घालवू नका, जवळच्या जवळ न्या. जवळ काय आहे? कुलूप.

९ मार्च, रविवार

कुलूप निघणार! निघणार! सूनबाईने जेवताना सांगितलं. मागच्या वर्षी सरकारने दारूवर आणि तंबाखूवर जादा कर बसवला ना, तो पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, दवाखान्यांनाच द्यायचा, असा कायदाच केलाय. पहिल्या हप्त्यात त्या खोलीला रंग लागला. पिवळा. दुसऱ्या हप्त्यात खाट, दिवे, मशीन आणि दिवसरात्र नर्स.

मुलाचा घास हातातच राहिला. "म्हणजे माझ्या सिगारेटच्या पाकिटातून?"

"अहो, तुमच्याच पाकिटातून," सूनबाई म्हणाली. "धूर तुम्ही काढा, खाट आम्ही घेतो."

"लुटा! आमच्यासारख्याचा एकच शौक, त्यावरही यांचा डोळा. ज्यांच्याकडे आहे ते कितीही महाग झाली तरी ओढतील. मरण आमचं."

"म्हणूनच म्हणते, सोडा."

"मी सोडली तर तुझी खाट कशी येणार?" असं म्हणून तो असा हसला, जसा काही डाव जिंकला.

सूनबाई ताटं उचलायला लागली. सगळे उठले. मी तिथेच बसून राहिले, हात वाळेपर्यंत. त्याचं ते बोलणं माझ्या डोक्यात अडकून बसलं.

१४ मार्च, शुक्रवार

सूनबाई कामावरून आली आणि बूट न काढता खुर्चीत बसली. असं ती कधी करत नाही. वरून कळवलंय म्हणे, जमा कमी होते आहे, महागाईमुळे लोक कमी विकत घेतायत. दुसरा हप्ता पुढच्या वर्षावर जाईल.

"लोक कमी घेतायत हे खरं तर चांगलंच आहे, आई," म्हणाली आणि रडायला लागली.

"चांगलं आहे तर रडतेस कशाला, वेडे?"

"मला दोन्ही हवंय."

पुलावरचीचे दिवस मे महिन्यात भरतात. पुढचं वर्ष आमच्या काय कामाचं?

मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "अगं, एखाद्याने बाटली विकत घेतली आणि ती कुणी प्यायलंच नाही, तर सरकार कर परत देतं का गं?"

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "नाही देत. का हो आई?"

"काही नाही, सहज."

म्हणजे कर विकत घेण्यावर आहे, पिण्यावर नाही. झालं तर मग! मला आज झोप कसली लागते.

१७ मार्च, सोमवार

मी दारू विकत घेतली!!

पोस्टातून पेन्शन घेतली आणि तशीच दुकानात गेले. तिथे आत जायचंच नसतं, लोखंडी जाळीची खिडकी आहे, त्यातून देतात. रांगेत सगळे पुरुष. पण काय ते लोक! मला बघून आपोआप दोन बाजूंना झाले. "आजी, पुढे या. आजी, तुम्ही आधी." बसमध्ये कधी कुणी जागा देत नाही मला.

खिडकीवाला म्हणाला, "काय देऊ आजी? कुणासाठी हवीय?"

"माझ्यासाठीच. सगळ्यात जास्त कर कशावर आहे?"

त्याला बहुतेक असं कुणी विचारलेलं नसावं. तो म्हणाला, जितकी कडक तितका कर जास्त.

"मग कडकच दे. अगदी कडक."

 मागच्या रांगेतला एक जण हळूच म्हणाला, "जपून हं, आजी." मी म्हटलं, "बाबा, माझी काळजी करू नकोस, मला सवय आहे," कारण बाटल्या हाताळायची मला खरंच सवय आहे, ह्यांनी चाळीस वर्षं करून घेतली. तंबाखूची एक पुडीही घेतली, म्हणजे दोन्हीकडून कर.

बाटली टॉवेलात गुंडाळून पांघरुणांच्या पेटीत, अगदी तळाशी. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात.

२२ मार्च, शनिवार

आज घरात कुणी नव्हतं. पुलावरची तपासणीला गेली होती. मोरीचं दार लावलं आणि बाटली उलटी केली.

कसा वास आला! तोच. ह्यांच्या शर्टाचा. मी तिथेच पाटावर बसले थोडा वेळ. हे झोपले की मी अशीच ओतायची. दार लावून, नळ मोठा सोडून, आवाज येऊ नये म्हणून. सकाळी उठून हे शोधायचे, ओरडायचे, आणि दुसरी आणायचे. तिसरी आणायचे. माणूस वाईट नव्हता. नकला अशा करायचा की शेजारचे भिंतीला कान लावायचे. शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा केंद्रातला मनुष्य म्हणाला, इथे काही सोय नाही, नदीपलीकडे न्या. नेलं. उशीर झाला होता.

इतकी वर्षं मी ओतली, आणि त्या ओतण्यातून काही म्हणजे काही उगवलं नाही. आज मात्र ती मोरीत जाताना मी खाटेचा विचार करत होते. हा घोट गादीचा. हा उशीचा. शेवटचा थेंब दिव्याच्या बटणाचा! मी चक्क गाणं म्हटलं मोरीत.

तंबाखू बादलीत भिजवून ते पाणी खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपावर शिंपडलं. मावा पडला होता त्यावर. काही म्हणजे काही वाया घालवायचं नाही.

वासाने डोकं चढलं म्हणून पेपरमिंटची गोळी चघळली. बरी वाटते. एक डबाच आणून ठेवते आता.

२ एप्रिल, बुधवार

आज तिसरी बाटली. खिडकीवाला आता मला विचारतही नाही, लांबून बघूनच कडक काढून ठेवतो. म्हणाला, "आजी, घरी माहीत आहे का?" मी म्हटलं, "छे! सांगायचं नाही हं कुणाला. एकदम कळू दे."

नवा चष्मा मिळाला. पायरी असते एकीकडे, दिसते भलतीकडे. आज जिन्यात दोनदा पडले असते, कठडा धरला म्हणून बरं. तळमजल्यावर शिवणवाली मैत्रीण राहते, ती मशीन सोडून धावत आली. माझा चेहरा चढून चढून लाल झालेला, तोंडात पेपरमिंट, हातात जड पिशवी. ती म्हणाली, "अगं, पिशवीत काय आहे?" मी पिशवी छातीशी धरली. तर तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "घरी काही त्रास आहे का गं तुला? मोकळेपणाने सांग."

"त्रास?" मी म्हटलं. "अगं, आनंदाने वेड लागायचं बाकी आहे!" आणि इतकी हसले, इतकी हसले, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमळ आहे.

७ एप्रिल, सोमवार

मुलाने सिगारेट सोडली.

खरं खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. पंचवीस वर्षं मी ह्याच दिवसाची वाट बघत होते, आणि आज तो म्हणाला, "आई, परवापासून ओढलेली नाही," तर मी बोटांवर हिशेब करायला लागले. म्हणजे खाटेचा एक पाय गेला! ऐन वेळी!

मी म्हटलं, "अरे, इतकी घाई काय होती? मेपर्यंत चालू ठेवायची ना थोडी थोडी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आई, तू हे बोलतेस?"

"म्हणजे एकदम सोडल्याने त्रास होतो म्हणून."

"बाळाला धुराचा हात लावायचा नाही, असं पुलावरचीने बजावलंय," म्हणाला. "आणि परवडतही नाही आता. पाकीट घेताना वाटतं, सरकारला कडेवर घेऊन चाललोय."

मग मी त्याला जवळ घेतलं. मान वाकवली त्याने, लहानपणी वाकवायचा तशी. वास नव्हता. मला आनंद झाला, मग काळजी वाटली, मग आनंदाची लाज वाटली, मग काळजीची. काही कळेना. शेवटी ठरवलं, त्याचा वाटा मी उचलायचा. आठवड्याला दोन बाटल्या.

१६ एप्रिल, बुधवार

घरातले सगळे माझ्याशी इतके गोड वागायला लागलेत की काय सांगू! मुलगा जिन्यात हात धरतो. नातजावई पोस्टात माझ्याबरोबर येतो म्हणतो, "आजी, पेन्शन मी आणून देऊ का? तुम्ही नका जाऊ उन्हात." मी म्हटलं छे, तेवढीच माझी हौस. त्याने मान खाली घातली.

सूनबाई तर विचारूच नका. सकाळी शेजारी बसते, "आई, हात पुढे करा बघू," म्हणते आणि बोटं थरथरतायत का बघते. झोप लागते का, भूक लागते का, मन उदास वाटतं का. जवळ वाकते आणि श्वास घेते. पेपरमिंटचा वास आवडत असेल तिला. काल माझं रक्तही तपासायला नेलं. रिपोर्ट बघून म्हणाली, "आश्चर्य आहे, लिव्हर अगदी छान आहे." मी म्हटलं, "मग! आमच्या घराण्यात सगळ्यांचं छानच असतं." तर हसावं की रडावं असं तोंड केलं तिने.

मला वाटतं, पणजी होणाऱ्या बाईची अशीच काळजी घ्यायची पद्धत असेल नर्स लोकांत.

२३ एप्रिल, बुधवार

आज माझा सत्कार झाला म्हटलं तरी चालेल!

सूनबाई म्हणाली, "आई, दर बुधवारी दुपारी केंद्रात काही लोक जमतात. डॉक्टरीणबाई स्वतः असतात. तुमच्यासारखेच आहेत सगळे. याल ना?" माझ्यासारखेच म्हणजे कोण, ते मला लगेच कळलं. ज्यांच्या बाटल्यांवर केंद्र चाललंय ते! मी नवीन कपडे घातले.

खुर्च्या गोल मांडलेल्या. एक गवंडी, एक शाळेतला मास्तर, दोन बायका, एक तरुण मुलगा, त्याचा कप सारखा बशीवर वाजत होता. प्रत्येक जण उठून आपलं सांगायचा आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. गवंडी म्हणाला, "माझी सगळी कमाई बाटलीत गेली. सगळी वाया." मला राहवेना. मी म्हटलं, "वाया कशी गेली हो? पलीकडची पिवळी खोली बघा जरा! ती काय आपोआप झाली?" तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. इतकी वर्षं त्याला कुणी दोन शब्द कौतुकाचे बोललं नसेल.

मग माझी पाळी. मी उभी राहिले. घसा साफ केला आणि म्हटलं, "मी म्हातारपणी सुरू केलं. आधी आठवड्याला एक, आता दोन. घरच्यांपासून लपवून पेटीत ठेवते. मला त्याची लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो." कुणीच टाळ्या वाजवेना. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, थांबावंसं वाटतं का कधी?"

"थांबणार ना! पलीकडच्या खोलीत खाट आली की त्याच दिवशी थांबणार. नातीसाठीच चाललंय हे सगळं."

मग मात्र टाळ्या! गवंडी तर डोळे पुसत होता. डॉक्टरीणबाईंनी माझा खांदा दाबला. "नातीचं बाळंतपण तुम्हाला शुद्धीत बघायचंय ना?"

काय प्रश्न! मी म्हटलं, "बाई, मागचं बाळंतपण पुलावर मीच केलं, चांगली शुद्धीत होते."

१ मे, गुरुवार

पकडली गेले. सूनबाई भर दुपारी घरी आली, विसरलेला डबा न्यायला. मोरीचं दार नीट लागत नाही, नातजावयाला किती वेळा सांगितलंय. मी बाटली उलटी धरून उभी, आणि ती दारात.

"आई! ओतताय तुम्ही?"

आता लपवून काय उपयोग? "हो गं. ओततेय."

आणि तिने मला धावत येऊन मिठीच मारली. रडत होती. "मला माहीत होतं, आई. मला माहीत होतं तुम्ही करून दाखवाल."

म्हणजे हिला सगळं माहीतच होतं! मी आपली उगाच पेटी, टॉवेल, गळ्यात किल्ली. मीही रडले. दोघी मोरीत पाय भिजवत रडलो. लग्न होऊन आली तेव्हापासून हिने मला अशी मिठी मारलेली मला आठवत नाही. तिचा स्वभाव कोरडा, माझा बडबडा, आमचं आपलं बरं चाललं होतं, पण मिठी अशी नव्हती.

"आता यापुढे नाही ना?" तिने विचारलं. "फक्त आजचा दिवस म्हणा. रोज फक्त आजचा दिवस."

आजची तर ओतून झालीच होती, म्हणून मी कबूल केलं. एक अजून पेटीत आहे, ते बोलले नाही.

९ मे, शुक्रवार

आली! खाट आली! टेंपोतून उतरवताना मी रस्त्यात उभी होते. पांढरी, चाकांची, दांडा फिरवला की डोक्याकडचा भाग वर येतो. नातजावयाने लगेच चाकांना तेल घातलं. दिवे आले, मशीन आलं, एक नवीन नर्स आली, तिला एकसारखी जांभई येते, पण हुशार आहे म्हणे.

सूनबाई सांगत होती की डॉक्टरीणबाईंनी वर भांडून भांडून हप्ता लवकर सोडवून घेतला. असेल, तेही असेल. मी काही बोलले नाही. मोठेपणा करायची मला सवय नाही.

कुलूप काढलं तेव्हा ते सूनबाईने माझ्या हातात दिलं. गंजलेलं, किल्लीसकट. पुलावरचीच्या वयाचं.

१९ मे, सोमवार

 मी पणजी झाले!!! मुलगी!

सकाळी भांडी घासत होते तर आतून हाक आली, "आजी गं!" हाकेवरूनच कळलं मला. सूनबाई ड्यूटीवर केंद्रातच होती. नातजावई इतका घाबरला की लिफ्ट कुठे आहे म्हणाला. "इथे लिफ्ट नाही रे!" पुलावरची कळेतही ओरडली. मग मुलाने आणि त्याने हाताची खुर्ची केली आणि तिला तीन मजले उतरवलं. शिवणवाली पुढे धावत रस्ता मोकळा करत होती. आणि काय सांगू, कोपरा वळलो की पोचलोच! नदी नाही, पूल नाही, गाडी नाही. मला खरंच वाटेना. मी मागे वळून बघितलं, काही राहिलं का म्हणून.

दार बंद झालं. आम्ही बाकावर. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला, मग सूनबाईचा, कसलं तरी इंजेक्शन मागत होत्या. रक्तदाब खूप वर गेला होता. मुलगा उठला, खिसा चाचपला, सिगारेट नव्हतीच, परत बसला. नातजावई भिंतीला डोकं लावून उभा.  मग मी बोलत सुटले. भीती वाटली की माझं तोंड थांबत नाही.

म्हटलं, "घाबरू नका रे. खाट पक्की आहे. तिचा एक पाय तर माझाच आहे."

"म्हणजे काय, आई?"

"म्हणजे काय काय? इतक्या बाटल्या काय उगाच विकत घेतल्या मी? सगळ्यात कडक, कर जास्त म्हणून! घरी आणायच्या आणि मोरीत ओतायच्या. कर जातो खाटेला, दारू जाते गटारात. तुझी सिगारेट सुटली तेव्हा तुझा वाटाही मीच उचलला."

मुलगा उभा राहिला. "ओतायचीस? सगळ्या?"

"मग काय पिऊ? तुझ्या बापाने आपल्या सगळ्यांच्या वाट्याची पिऊन ठेवलीय."

नातजावयाने भिंत सोडली. शिवणवालीने तोंडावर हात घेतला. मुलगा म्हणाला, "आई, आम्हाला वाटलं…" आणि पुढे बोलेचना. खाली बसला आणि हसायला लागला, असा की बाक हलायला लागला. मग नातजावई. मग शिवणवाली, ती तर जमिनीवरच बसली. जांभईवाली नर्स बाहेर येऊन ओरडली, "हा दवाखाना आहे!" काय वाटलं यांना, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. जो तो नुसता माझे गाल ओढतोय.

आणि त्या हसण्यातच आतून रडणं आलं. खणखणीत! आम्ही सगळे एकदम उठलो.

सूनबाई बाळ घेऊन बाहेर आली. डाग पडलेला तोच युनिफॉर्म, घडी उलगडून गेलेली. डॉक्टरीणबाई मागून आल्या, घाम पुसत. म्हणाल्या, "दोघी ठीक आहेत. ही पुलावर असती तर…" आणि त्यांनीही वाक्य पुरं केलं नाही. आज कुणीच वाक्य पुरं करत नव्हतं.

पुलावरची खाटेवर डोकं वर करून बसली होती. दांडा मीच फिरवला.

२४ मे, शनिवार

बाळ घरी आलं. मुलगा खिडकीत उभा राहून तिला घेतो आणि टोमॅटोच्या रोपाशी ओळख करून देतो. मावा गेला, तीन टोमॅटो लागलेत.

दुपारी सूनबाई माझ्याजवळ येऊन बसली. हसणं दाबत होती. म्हणाली, "आई, आता विकत घ्यायच्या नाहीत हं. पेन्शनचे पैसे तुमच्यासाठी आहेत."

"आणि मग केंद्र कसं चालणार? कुणीच घेतली नाही तर?"

"कुणीच घेतली नाही, तर सरकार दुसरीकडून आणेल पैसे. आणि आम्हाला अर्धं कामच उरणार नाही. पोट फुगलेले, खोकणारे, सगळे येतात ना आमच्याकडेच. मी आपली खुर्चीत बसून बाळं घेईन फक्त."

मला ते चित्र फार आवडलं. सूनबाई खुर्चीत, पाय वर, बूट काढलेले.

मग मी गळ्यातली किल्ली काढली आणि पेटी उघडली. शेवटची बाटली टॉवेलात होती तशीच. तिने ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि आधी मोरीकडे तीच निघाली. झाकण माझ्याने निघेना, तिने काढलं. मी धरली, तिने बूड उचललं. पुलावरची बाळाला घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली, नाक मुरडून. मुलगाही आला मागून. वास आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यालाही ह्यांचा शर्ट आठवला असणार.

नळ बंदच होता. आवाज चांगला मोठा झाला, दार सताड उघडं होतं, आणि सगळे बघत होते.